जुनाट दुखणं आणि नैराश्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार, निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार, मांडवाखाली विरळणी करणाऱ्या बायका, नाशिकरोडचे निवृत्त कर्मचारी असे सगळे माझ्याकडे दवाखान्यात येऊन जे विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत. कंबर, गुडघा, मान, डोकं किंवा पायांची जळजळ, काहीही असो, तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं आणि त्याच्या सोबतीला आलेलं नैराश्य एवढाच विषय आहे. वाचून स्वतःच्या मनाने एखादी गोळी सुरू किंवा बंद मात्र करू नका. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर बाकीचं नंतर वाचा, आधी १४४१६ वर फोन करा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं.

कंबर दुखते म्हणून दाखवायला आलो. डॉक्टर झोप, भूक, मन यांबद्दल का विचारत बसतात?

कारण ही दोन दुखणी फार वेळा जोडीनेच येतात. या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्यांपैकी सरासरी ६५ टक्के लोकांना शरीरात कुठे ना कुठे वेदना असल्याचं त्यात दिसलं. उलट बाजूने पाहिलं, तर फक्त वेदनेवर उपचार करणाऱ्या दवाखान्यांत येणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना नैराश्य होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने चौदा देशांत एक पाहणी केली होती, तिच्यात आपलं बंगळूरही होतं. १९९९ साली त्यातले निष्कर्ष आले. साध्या दवाखान्यात आलेल्या ज्या लोकांना नैराश्य होतं, त्यांतल्या ६९ टक्के लोकांनी डॉक्टरांना फक्त शरीराच्या तक्रारी सांगितल्या : डोकं, पाठ, थकवा, पोट. पण त्याच पाहणीतली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सरळ विचारल्यावर मनाची लक्षणंही नाकारणारे फक्त ११ टक्के निघाले. म्हणजे लोक लपवत नसतात, त्यांना कोणी विचारलेलं नसतं. म्हणून डॉक्टरांनी विचारायचं. आणि त्यांनी नाही विचारलं, तर तुम्ही सांगायचं.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग हे दुखणं मनाचं खूळ आहे का?

नाही. तुमचं दुखणं खरं आहे.

रिपोर्ट नॉर्मल येणं म्हणजे त्या तपासणीला जे दिसू शकतं ते तिथे नाही, एवढंच. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, रक्तात साखर आणि सूज कळते. पण मज्जातंतू किती हळवे झालेत, मेंदू येणारा संदेश किती मोठा करून वाचतोय, हे नेहमीच्या कुठल्याही रिपोर्टवर छापून येत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. वेदना हा शरीराचा आणि भावनेचा असा एकत्र अनुभव आहे, असं ती व्याख्या सांगते. माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, हेही तिच्यासोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे वाक्य दवाखान्यात उच्चारलंच जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ते ऐकून माणूस घरी जातो, घरचेही तेच म्हणायला लागतात, आणि मग तो एकतर दुखणं सांगायचं सोडून देतो किंवा एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फाईल घेऊन फिरत राहतो. दोन्हीकडे नुकसान त्याचंच होतं. त्यातून नैराश्य वाढतं ते वेगळंच.

आधी काय येतं? दुखण्यामुळे मन खचतं, की मन खचल्यामुळे अंग दुखतं?

दोन्ही होतं. वर्षभर गुडघा दुखला, जिना चढणं बंद झालं, रामकुंडावर जाणं सुटलं, भिशीला जाणं सुटलं, तर कुणाचंही मन खचेल. दुसरीकडे, आधी नैराश्य असलेल्यांमध्ये पुढे कंबरदुखी, मानदुखी सुरू होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं. एकदा दोन्ही सुरू झाली की सुरुवात कुठून झाली याचा शोध घेण्यात फारसा अर्थ उरत नाही. उपचार दोन्हींचे करायचे असतात.

शरीरात नेमकं घडतं तरी काय?

जखमेपासून मेंदूपर्यंत एक सरळ तार आहे आणि जेवढी जखम तेवढं दुखणं, असं पूर्वी मानत. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी वेगळी कल्पना मांडली. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक दार असावं आणि तिथून वर जाणारा संदेश कमी-जास्त होत असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. गंगापूर धरणाच्या कालव्यावर राहणाऱ्यांना हे पटकन कळेल : पाणी वरून तेवढंच येतं, पण चारीवरची फळी किती उचलली आहे त्यावर शेतात किती पोचेल ते ठरतं. त्या कल्पनेतले बारकावे पुढे बदलले, पण मूळ मुद्दा टिकला. वेदनेच्या संदेशावर वाटेत नियंत्रण असतं, आणि त्यातलं मोठं नियंत्रण मेंदूकडून खाली येतं.

मेंदूकडून खाली येणारी ही वेदना आवरणारी यंत्रणा प्रामुख्याने सेरोटोनिन आणि नॉरएड्रेनालिन या दोन रसायनांवर चालते. मनःस्थिती, झोप आणि उत्साह यांच्याशीही याच रसायनांचा संबंध आहे. नैराश्यात ही व्यवस्था विस्कटते तेव्हा वेदना आवरणारा हातही सैल पडतो. त्यात मेंदूचे जे भाग वेदनेतला ‘नकोसेपणा’ जाणवून देतात, तेच दुःख आणि भीतीच्या वेळीही काम करत असतात. त्यामुळे जुनं दुखणं आणि उदासी एकमेकांना खतपाणी घालतात.

आणखी एक धागा सुजेचा. फ्लूच्या तापात कसं होतं आठवा : अंग मोडून येतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, जेवण जात नाही, पडून राहावंसं वाटतं. संसर्गाशी लढताना शरीर सूज आणणारी जी रसायनं सोडतं, ती मेंदूवरही काम करतात. पूर्वी कावीळ-सी साठी अशाच एका रसायनाची, इंटरफेरॉनची, इंजेक्शनं दिली जात, तेव्हा आधी मनाचा काहीही त्रास नसलेल्या अनेक रुग्णांना उपचारादरम्यान चक्क नैराश्य आलं. आमवातासारख्या आजारात शरीरात सूज सतत असते, हे इथे लक्षात घ्यावं.

झोपेबद्दल एकच सांगतो. दुखण्यामुळे झोप मोडते हे सगळ्यांना माहीत आहे. पण झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त लागतं, ही बाजू त्याहून बळकट आहे. म्हणून झोपेच्या प्रश्नाला दुय्यम समजू नका.

एमआरआयमध्ये ‘मणक्याची झीज’, ‘गादी सरकली’ असं आलंय. कारण सापडलंच की! मग मनाचा काय संबंध?

कारण सापडलं असेलही, पण तो कागद एकटा पुरेसा नाही. ज्यांना पाठीचा काहीही त्रास नाही अशा हजारो लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या २०१५ मध्ये एकत्र करून पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज होती. आणि यातल्या कुणालाच दुखत नव्हतं! वयानुसार केस पिकतात तसेच मणक्यांतही बदल होतात. रिपोर्टमधली इंग्रजी भाषा वाचून ‘आता माझी पाठ संपली’ असं वाटून घेणारे मी फार पाहिले आहेत. त्या भीतीनेच ते वाकणं, चालणं, नातवाला उचलणं बंद करतात, स्नायू कमजोर होतात आणि दुखणं वाढतं. रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा आणि त्यातलं माझ्या दुखण्याशी जुळणारं नेमकं काय आहे, एवढं विचारा.

दुखण्यामुळे झोप नाही, भूक नाही, थकवा आहे. यात नैराश्य वेगळं कसं ओळखायचं?

हा खरा अवघड प्रश्न आहे, डॉक्टरांनाही अवघड जातो. झोप, भूक, थकवा ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच. म्हणून मी दुसरीकडे पाहतो. दुखणं थोडं कमी असलेल्या दिवशी तरी आवडीच्या गोष्टीत मन लागतं का? नात आली, मॅच लागली, घरात पुरणपोळी झाली, तर चेहरा खुलतो का? दुखण्याने गांजलेल्या, पण नैराश्य नसलेल्या माणसाला या गोष्टी हव्याशा वाटतात, फक्त जमत नाहीत. नैराश्यात त्या नकोशाच होतात. दुसरी खूण म्हणजे स्वतःबद्दलची भाषा. ‘मी घरावर ओझं झालोय’, ‘माझ्यामुळे सगळ्यांचे हाल’, ‘आता यातून काही होणार नाही’ असं वारंवार तोंडात येत असेल, तर ते कंबरेचं बोलणं नाही. उदासी किंवा कशातच रस नसणं, यांपैकी एक तरी गोष्ट बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ, सलग दोन आठवडे असेल तर नक्की दाखवा.

पुरुषांमध्ये उदासीपेक्षा चिडचिड आधी दिसते. कामावर वाद, घरात ताट सरकवणं, संध्याकाळची दारू वाढणं. म्हाताऱ्या माणसांमध्ये विसरभोळेपणा आणि अबोला दिसतो, आणि घरचे ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून देतात.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात आणि ० ते २७ असे गुण होतात. १० किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांशी सविस्तर बोलायला हवं. निदान मात्र त्या आकड्यावर होत नाही, ते बोलून आणि तपासूनच होतं.

नैराश्याचं ठरवण्याआधी कोणत्या शारीरिक गोष्टी पाहून घ्याव्यात?

थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते आणखी घटतं. हातापायांना मुंग्या, थकवा, उदासी तिन्ही त्यातून होऊ शकतं. चिकुनगुनिया होऊन गेल्यावर सांधे कित्येक महिने धरून राहतात, तेही डॉक्टरांना सांगा.

काही खुणा दिसल्या तर मात्र मनाचा विचार बाजूला ठेवून तातडीने दाखवायचं : पाठदुखीसोबत ताप किंवा वजन घटणं (आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही), पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेल्याला नव्याने सुरू झालेलं दुखणं. नैराश्य आहे म्हणून छातीतल्या दुखण्याला ‘टेन्शनचं’ म्हणायचं नाही. त्याचा ईसीजी आधी काढायचा.

कोणत्या आजारांत ही जोडी जास्त दिसते?

कंबर-मान-गुडघेदुखी, आमवात, अर्धशिशी, फायब्रोमायल्जिया (अंगभर स्नायू दुखत राहण्याचा आजार), मधुमेहातली पायांची जळजळ, कॅन्सर. वेदना बाजूला ठेवली तरी मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आहे आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांत जवळपास पाचातल्या एकाला ते होतं. या लोकांना नियमित तपासणीच्या वेळी मनाबद्दल विचारलं गेलंच पाहिजे.

डॉक्टरांनी पायांच्या जळजळीसाठी गोळी दिली. मेडिकलमध्ये कळलं की ती डिप्रेशनची आहे. फसवलं का मला?

फसवलं नाही, पण समजावून सांगायला हवं होतं. न सांगता दिलेली अशी गोळी निम्मे लोक बंद करून टाकतात, असं मला तरी दिसतं, आणि दोष त्यांचा नसतो.

वर ज्या दोन रसायनांचं सांगितलं, ती वाढवणारी औषधं वेदनेवरही काम करतात. ड्युलोक्सेटिन हे असंच एक. मधुमेहातली पायांची जळजळ, फायब्रोमायल्जिया, जुनी कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज यांत ते वापरतात, नैराश्य नसलं तरीही. ॲमिट्रिप्टिलिन हे जुनं आणि स्वस्त औषध आहे. मज्जातंतूच्या दुखण्याला आणि अर्धशिशीला ते रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत देतात. नैराश्यासाठी याहून बरीच जास्त मात्रा लागते. म्हणजे १० मिलिग्रॅमची चिठ्ठी पाहून ‘मला डिप्रेशनचा पेशंट ठरवला’ असं वाटून घ्यायचं कारण नाही. आणि उलटही खरं : नैराश्य असेल तर या एवढ्याशा मात्रेवर त्याचा उपचार होत नाही.

गुण सगळ्यांना सारखा येत नाही. दुखणं पूर्ण जाईल अशी अपेक्षा ठेवलीत तर निराश व्हाल. तिसऱ्या हिश्शाने कमी झालं, झोप सुधारली, बाजारात जाऊन येता आलं, तर औषध लागू पडलंय असं समजा.

या गोळ्यांची सवय लागते का? किती दिवस घ्यायच्या?

दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसारखी ओढ लागत नाही, मात्राही वाढवत न्यावी लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी, अंगात करंट बसल्यासारखं होतं. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करायच्या. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि मळमळ, तोंड कोरडं पडणं, गुंगी हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. लोक नेमके तिथेच सोडतात. त्यातले बरेच त्रास आपोआप कमी होतात, फोन करून विचारा, पण परस्पर बंद करू नका. नैराश्य गेल्यानंतरही साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त गोळी चालू ठेवतात, कारण लवकर थांबवली तर ते परतण्याची शक्यता वाढते.

सोबत पेनकिलर चालते का?

इथे सावध राहा. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्या आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या पेनकिलर एकत्र घेतल्या की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शी काळी व्हायला लागली तर त्याच दिवशी दाखवा. ट्रॅमाडॉल हे जास्त ताकदीचं वेदनेचं औषध नैराश्याच्या गोळ्यांसोबत घेतलं तर झटके येऊ शकतात, किंवा सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं : थरथर, घाम, ताप, गोंधळ. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांनी ॲमिट्रिप्टिलिनच्या आधी तो सांगायलाच हवा. ड्युलोक्सेटिनच्या आधी लिव्हरचा त्रास आणि दारू, दोन्ही सांगा.

आणि त्या घटक न लिहिलेल्या पुड्या! ‘वातावर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या अशा औषधांत स्टेरॉईड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. दोन दिवसांत माणूस उठून चालायला लागतो, म्हणून विश्वास बसतो. पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मनही बिघडतं. अशी पुडी चालू असेल तर मी ओरडणार नाही, पण मला ते माहीत असायला हवं, कारण ती एकदम थांबवणंही धोक्याचं असतं.

गोळ्यांशिवाय काय करता येईल?

पुष्कळ. आणि माझ्या मते खरी भिस्त यावरच आहे.

जुन्या दुखण्यात सगळ्यात जास्त घात होतो तो एका चक्राने. बरं वाटलं त्या दिवशी राहिलेली सगळी कामं काढायची, मग पुढचे तीन दिवस अंथरुणात. छाटणीच्या हंगामात हे हमखास दिसतं. मांडवाखाली दिवसभर हात वर करून विरळणी केली की मान-खांदे धरतात, मग खाडा, मग मजुरी बुडाली म्हणून पुढच्या दिवशी दुप्पट काम. दर वेळी मन सांगतं, ‘आता माझ्याच्याने काही होत नाही.’ यावर उपाय म्हणजे काम दुखण्याच्या नव्हे, घड्याळाच्या हिशोबाने करायचं. बरं वाटलं तरी ठरलेल्या वेळी थांबायचं, बरं नसलं तरी ठरलेलं थोडं करायचंच. गोदापार्कवर चालायचं असेल तर आज जेवढं सहज जमतं त्याहून थोडं कमी ठरवा, रोज तेवढंच चाला, आणि दर आठवड्याला किंचित वाढवा. सुरुवातीला थोडं जास्त दुखेल. जुन्या दुखण्यात दुखणं म्हणजे दर वेळी इजा नव्हे, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट समजून घ्या.

नैराश्यात मन म्हणतं, ‘बरं वाटलं की बाहेर पडेन.’ प्रत्यक्षात बाहेर पडल्यावर बरं वाटायला लागतं. या साध्या तत्त्वावर गोव्यात एक उपचार तयार झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ भेटींमध्ये रुग्णांना आपल्या दिवसात अर्थपूर्ण कामं परत आणायला मदत केली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे निकाल आले आणि नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत नैराश्य स्पष्टपणे कमी झालेलं दिसलं. आपल्या शेजारच्या राज्यात, आपल्यासारख्याच आरोग्य केंद्रांत हे झालंय याचा मला फार आधार वाटतो.

दोन्हींवर एकत्र उपचार केल्याचा फायदाही तपासला गेला आहे. २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात कंबर-गुडघा-खुब्याचं दुखणं आणि नैराश्य दोन्ही असलेल्यांना आधी नैराश्याचं औषध नीट बसवून दिलं, मग दुखणं कसं हाताळायचं याचे वर्ग घेतले. नेहमीच्या उपचारांपेक्षा दुपटीहून जास्त लोकांचं नैराश्य लक्षणीय उतरलं, आणि दुखणंही.

इगतपुरीला विपश्यनेला जाऊ का? योग?

योग शिक्षकाला दुखणं सांगून, सोसेल तेवढा जरूर करा. कंबरदुखीत त्याचा उपयोग होतो. विपश्यनेचा अनेकांना आधार मिळतो, पण तीव्र नैराश्य चालू असताना दहा दिवसांचं मौन आणि तासन्‌तास बैठक हा पहिला उपाय नव्हे. एकटेपणात वाईट विचार वाढू शकतात. प्रवेश अर्जात मानसिक त्रासाची माहिती विचारतात, ती लपवू नका, आणि शिबिरासाठी गोळ्या बंद करू नका. थोडं सावरल्यावर डॉक्टरांना विचारून जा.

कर्ज आहे, कांद्याला भाव नाही, गारपिटीने बाग गेली. गोळी घेऊन हे फिटणार आहे का?

नाही फिटणार. हे विचारणाऱ्यासमोर मी कधीच वाद घालत नाही, कारण तो खरं बोलतोय. पण नैराश्य उतरलं की बँकेत जाऊन हप्त्यांबद्दल बोलण्याची, भावाकडे मदत मागण्याची, पुढच्या छाटणीचा विचार करण्याची ताकद परत येते. नैराश्यात माणसाला सगळी दारं बंद दिसतात, त्यांतली काही प्रत्यक्षात उघडी असतात. परिस्थितीमुळे आलेल्या नैराश्यालाही उपचार लागू पडतात.

जगणं नको वाटतं, असं घरातलं कुणी बोललं तर?

ऐकून घ्या आणि सरळ विचारा : ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. जुनाट वेदना असलेल्यांत आत्महत्येचा धोका इतरांच्या किमान दुप्पट असल्याचं दिसतं, त्यामुळे ‘असंच बोलतात’ म्हणून सोडू नका. त्या माणसाला एकटं ठेवू नका. शेतातली फवारणीची औषधं घरातून हलवा आणि कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. हे मी बागायतदारांच्या घरी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण तो एक आवेगाचा क्षण टळला तर बहुतेक माणसं वाचतात. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या जास्त प्रमाणात घेतल्या तर घातक असतात, त्या आठवड्यापुरत्याच हाताशी ठेवा. १४४१६ वर बोला. कुणी काही घेतलं असेल तर १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठा. पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

सासूबाई दिवसभर ‘इथे दुखतं, तिथे दुखतं’ म्हणतात. आम्ही कसं वागावं?

‘सारखं काय दुखणं’ असं म्हणू नका, आणि प्रत्येक काम त्यांच्या हातातून काढूनही घेऊ नका. दोन्हींनी त्या आणखी खचतात. भाजी निवडणं, देवपूजा, नातवाचा अभ्यास, जे जमतं ते त्यांच्याकडेच राहू द्या. दुखण्याची चौकशी दिवसातून एकदा मनापासून करा आणि बाकी वेळ दुसऱ्या विषयांवर बोला. दवाखान्यात सोबत जा, पण डॉक्टरांना थोडा वेळ त्यांच्याशी एकट्याशी बोलू द्या. सुनेसमोर किंवा मुलासमोर काही गोष्टी निघत नाहीत. आणि घरात दुखणेकऱ्याचं सगळं करणारी जी बाई असते, तिला कुणी विचारत नाही. तिचीही झोप, तिचंही मन विचारा.

नाशिकमध्ये कुठे जायचं? खर्च किती?

सुरुवात तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून करा. साधं नैराश्य ते हाताळू शकतात, गरज पडली तर पुढे पाठवतील. त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही दाखवता येतं. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या त्याच कायद्यानुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं, तेव्हा दावा नाकारला तर कारण लेखी मागा.

नात्यातलं कुणी बघेल म्हणून मानसोपचार विभागाबाहेर बसायचं टाळणारे खूप आहेत. त्यांनी पहिलं बोलणं १४४१६ वर फोनवरून करावं.

पहिल्या भेटीला काय घेऊन जाऊ?

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या आणि तेलं पिशवीत घालून. जुने रिपोर्ट. आणि एका कागदावर आठवडाभराची नोंद : रोज झोप किती झाली, दुखणं ० ते १० मध्ये किती होतं, त्या दिवशी काय काम केलं, आणि मन कसं होतं. शेवटचा रकाना लोक रिकामा ठेवतात. तो भरून आणा. एका शब्दात लिहिलं तरी चालेल.